मेकाँग भरलेलं कापड

सेंट पॉल, मिनेसोटा

ती. आत्यास सा. न. वि. वि.

ह्मोंग बायांनी भरलेल्या कापडाचा फोटो पाहून तू विचारलंस, हे भरतात कसं आणि त्यात बंदुका कशाला. आधी बंदुकांचं सांगते. लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग लोकांना अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेनं कम्युनिस्टांविरुद्धच्या आपल्या छुप्या युद्धात उतरवलं. मे १९७५ मध्ये लाँग चेंगच्या लष्करी तळावरून थोड्यांना विमानानं हलवलं, बाकीचे मागेच राहिले. त्यांच्या मागावर कम्युनिस्ट सैनिक आले. जंगल तुडवत, मेकाँग नदी ओलांडून जे थायलंडला पोचले, त्यांनी बान विनाईसारख्या निर्वासितांच्या छावण्यांत ही कापडं भरली. त्यांच्या जुन्या भरतकामात नुसती नक्षी असे. पळणारी माणसं भरतकामात आली ती छावणीत.

चित्र बहुधा पुरुष पेन्सिलीनं काढून देत, बाया भरत. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचा एक किंवा दोनच पदर घ्यायचा आणि टाके अगदी लगटून भरायचे. टाका नखाएवढा लांब झाला की धागा सैल पडून कशालाही अडकतो, म्हणून मोठा आकार तुकड्यांत भरतात. धागा जास्त ओढला तर कापडाला चुण्या पडतात, आणि त्या इस्त्रीनंही जात नाहीत. कडेला त्रिकोणांची पट्टी असते. प्रत्येक त्रिकोणाची कड सुईच्या टोकानं आत दुमडून शिवलेली. तुझ्या गोधडीच्या ठिगळासारखीच, पण बोटाच्या पेराहून लहान.

नदी मात्र नीट बघ. निळ्या पट्ट्यात फक्त डोकी आणि खांदे दिसतात, काखेत बांबू. कुणी टायरच्या ट्यूबवर. अलीकडे सैनिक, पलीकडे टेबल मांडून नावं लिहून घेणारा थाई अधिकारी.

पळताना पोर रडलं तर सगळे सापडतील, म्हणून आया मुलांना अफू देत, आणि काही मुलं पुन्हा जागी झालीच नाहीत. हे मात्र मला कुठल्याच कापडावर दिसलं नाही.

पुढं परदेशी गिऱ्हाइकांना फुलं, प्राणी, फिके रंग हवे झाले, तशा बंदुका कमी झाल्या. म्हणून जुनं कापड जपायला हवं. धुवायचं नाही, लाल-काळा रंग सुटतो. घडीही घालायची नाही, घडीवर धागा तुटतो. धुतलेल्या मलमलीबरोबर, भरलेली बाजू बाहेर ठेवून, नळीवर गुंडाळायचं.

तुझी भाची