सारंगखेड्याहून आणलेलं कोवळं घोडं आणि खोगिराची घाई

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दत्तजयंती जवळ आली की तुमच्या पेपरात सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या बातम्या सुरू होतात, कोणता घोडा किती लाखाला मागितला, उंची किती इंच, खुराकात दूध किती न तूप किती, सोबत मोठा फोटो. वाचायला आम्हालाही मजा येते, खोटं कशाला बोलू. पण जत्रा उठली की तीच जनावरं शहादा, शिरपूर, चोपड्याकडच्या गावांत जातात आणि थोड्या दिवसांनी आमच्यासारख्या घोडे ठेवणाऱ्यांना फोन सुरू होतात, की भाऊ घोडं खोगीर ठेवू देत नाही, ठेवलं तर बसू देत नाही, पोराला पाडलं, आता काय करू. ते काही छापून येत नाही, म्हणून हे लिहितोय.

अशा वेळी गावात सल्ला एकच मिळतो. पारावरचा कुणीतरी आप्पा म्हणतो, "माराशिवाय घोडाले समजत नही भो." मग अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून बांधायच्या दोऱ्या, आवळायची, कान पिळायचा, काटेरी लगाम घालायचा. कान पिळून खोगीर त्या दिवशी चढतं हे खरं, पण दुसऱ्या दिवसापासून ते कानालाही हात लावू देत नाही, म्हणजे एक कटकट होती तिच्या दोन झाल्या. आणि काटेरी लगाम तर केंद्र सरकारच्या जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांत सरळ बंद आहे, गाडीला जुंपलेलं असो की सवारीचं. तरी लोक घालतात, आणि वर कौतुकाने सांगतात.

माझं म्हणणं एवढंच की खोगीर बघून चिडणारं कोवळं घोडं बहुतेक वेळा एक तर दुखतंय म्हणून चिडतं, नाहीतर त्याच्यासोबत घाई झालेली असते. माज वगैरे नंतर बघू, आधी पाठ बघा. घोडं निवांत उभं असताना मान संपते तिथल्या उंचवट्यापासून बोटांनी कण्याच्या दोन्ही बाजूंनी दाबत दाबत कमरेपर्यंत या, जोर फार नको, केळं पिकलं का बघतो तेवढाच. कुठे कातडी थरथरली, पाठ खाली दबली, कान मागे गेले, शेपटी झटकली, तर तिथे दुखतंय समजा न डॉक्टरला बोलवा. मग खोगीर उलटं करून गादीत हात फिरवा. भरण एकीकडे गोळा झालेलं, एकीकडे बसलेलं, असं बरेचदा निघतं. खोगीर मधोमध कण्याला टेकलं नाही पाहिजे, माणूस बसल्यावरही समोरून उजेड दिसला पाहिजे. एका घोड्याचं खोगीर दुसऱ्याला बसेलच असं नाही, आणि वाढत्या घोड्याची तर पाठच बदलत राहते, पण आपल्याकडे आजोबांच्या वेळचं खोगीर नातवाच्या घोड्यावर चढतं.

जत्रेत घेतानाच हे बरंचसं कळतं खरं तर. लोक केसांचे भोवरे बघतात, देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा आहे का, चारही पाय न तोंड पांढरं असलेलं पंचकल्याणी आहे का, तासभर चर्चा करतात, पण पाठीवरचा कपडा काढून कुणी बघत नाही. काळ्या किंवा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती बहुतेक जुन्या दाबाची, जखमेची खूण असते, तिला शुभ-अशुभ काही नाही.

तोंडही बघा. दाढांच्या पुढे काही घोड्यांना एक बारीक दात येतो, लगामाची कडी त्याच्यावर आपटली की घोडं डोकं फेकतं न आपण म्हणतो अडेल आहे. पोटाचं तर कुणी मनावरच घेत नाही. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास तयार होतं, तो दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी, त्याला आपण खुंट्याला बांधून दोन वेळा हरभरा, बाजरी न गूळ देतो, मधल्या वेळी समोर काहीच नाही. पोटात जखमा होतात, आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला की ते चावायला फिरतं. कडबा, गवत समोर असू द्या, खुराक कमी करा, रोज मोकळं सोडा, निम्मी मस्ती तिथेच उतरते.

वयाचंही तसंच. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दात पडतात, साडेचारपर्यंत कडेचेही पडतात, म्हणजे व्यापारी चार वर्षांचा म्हणाला तरी तोंड उघडून खरं-खोटं करता येतं. मणक्यांची वाढ सगळ्यात शेवटी पूर्ण होते, साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालते. तीन वर्षांच्या घोड्यावर हलका माणूस थोडा वेळ बसला तर ठीक, पण नव्वद किलोचे भाऊसाहेब फेटा बांधून वरातीत बसले तर ते उधळणारच ना. माणूस न खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर नको, तीनशे किलोचं घोडं असेल तर साठ किलो, आणि कोवळ्याला त्याहून कमीच.

दुखणं नाही याची खात्री झाली की शिकवणं पहिल्यापासून सुरू करायचं, आधीचं झालेलं धरायचंच नाही. गोणपाट हुंगू द्यायचं, खांद्यावर घासायचं, पाठीवर ठेवायचं, ते घाबरायच्या आधी आपणच काढून घ्यायचं. हे काढून घेणं फार महत्त्वाचं, शांत उभं राहिलं की लगेच त्रास थांबतो हे त्याला कळलं पाहिजे. मग रिकामं खोगीर, तंग आधी नुसता टेकवायचा, दोन पावलं चालवायचं, एक भोक आवळायचं, परत चालवायचं. आपल्याकडे पोटाला गुडघा लावून एका झटक्यात आवळतात, तिथेच सगळं बिघडतं. आणि तंग पहिल्यांदा आवळताना खुंट्याला पक्कं बांधू नका, लांब दोरी हातात ठेवा, बांधलेलं घोडं घाबरलं तर मागे ओढून पडतं न मानेला मार लागतो.

बसतानाही तसंच आहे. जमिनीवरून रिकिबीला, म्हणजे पाय ठेवायच्या कडीला, लटकून चढलं की खोगीर एका बाजूला ओढलं जातं, वरून बुटाचं टोक बरगडीत. ओट्यावरून बसा. आधी ओट्यावर नुसतं शेजारी उभं राहायचं, मग पाठीवर पोटावर आडवं पडून थोडं वजन द्यायचं न उतरायचं, तोंडाशी ओळखीचा माणूस पाहिजे. पाय टाकल्यावर धपकन बसू नका. उधळायला लागलं तर दोन्ही लगाम खेचून उपयोग नाही, एका बाजूचा लगाम हळूहळू आणून डोकं वळवा न बारीक गोलात फिरवा, मागच्या पायातला जोर कमी होतो. डोक्यावर हेल्मेट असू द्या, फेटा वरातीच्या दिवशी बांधा. आणि डॉक्टरने बघूनही, सगळं करूनही ते पाडतच असेल, तर घरच्या पोराला परत परत त्याच्यावर बसवू नका, जाणत्या माणसाकडे द्या.

यात्रेच्या आयोजकांना तुमच्या पेपरमधून विनंती आहे की नाचाच्या, चालीच्या स्पर्धा घ्या, बक्षिसं द्या, पण नदीकाठी एका कोपऱ्यात पशुवैद्यकाचा तंबू लावा जिथे घेण्याआधी घोड्याची पाठ न दात बघून मिळतील, आणि रोज संध्याकाळी कोवळ्या घोड्यावर खोगीर कसं चढवायचं ते कुणी जाणत्याने लोकांसमोर करून दाखवावं. तुमच्या वार्ताहरांनाही सांगा, किंमत न उंची विचारताना वय विचारा, दात बघून विचारा.

– घोडे ठेवणारा एक शेतकरी वाचक, ता. शहादा, जि. नंदुरबार