एका फाइलीसाठी सगळा पहारा उठवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत मी 14 वर्षे हिशेबाचे काम करतो. गेल्या मार्चअखेरीस वार्षिक विवरणपत्र भरण्यासाठी एका कार्यालयाने आपल्या संकेतस्थळावरून मॅक्रो (म्हणजे फाइलीतच दडलेले, कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) असलेली एक्सेल फाइल उतरवून घ्यायला सांगितले. फाइल उघडली, पण वर तांबडी पट्टी आली आणि आतले एकही बटण चालेना. मदत क्रमांकावर फोन केला, तर अँटिव्हायरस बंद करा आणि एक्सेलच्या ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या सेटिंगमध्ये, जाऊन 'डाउनलोड्स' हा अख्खा फोल्डरच 'ट्रस्टेड लोकेशन', म्हणजे जिथल्या फाइलींचे मॅक्रो न विचारता चालू दिले जातात अशी जागा, म्हणून नोंदवा, असा सल्ला मिळाला. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी तसे केले आणि विवरणपत्र वेळेत गेले.

अँटिव्हायरस त्याच संध्याकाळी पुन्हा चालू केला, फोल्डरचे मात्र विसरलो. मे महिन्यात ईमेलवर आलेले एक बिल त्याच फोल्डरमध्ये उतरवून उघडले, तेव्हा त्यातले मॅक्रो काहीही न विचारता सुरू झाले. ते बिल खरे निघाले. पण ज्या संगणकावर सभासदांच्या ठेवींच्या नोंदी आहेत, त्याचे दार इतके दिवस सताड उघडे होते, हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

मग मी या पट्टीचे मूळ शोधले. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक न दिसणारी खूण लावते आणि अशी खूण असलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच रोखायला सुरुवात केली आहे. तीच फाइल शेजारच्या संस्थेत पेनड्राइव्हवरून नेल्यावर बिनतक्रार चालली होती, त्याचेही कोडे इथेच सुटले. बहुतेक पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, त्या पद्धतीत ही खूण साठवण्याची सोयच नसल्याने ती वाटेत गळून पडते. म्हणजे फाइलीत दोष नव्हता आणि आमच्या संगणकातही नव्हता.

यावरचा उपाय एका मिनिटाचा आहे. फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घेतली आहे याची खात्री करावी, ती बंद करावी, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि 'जनरल'च्या पानावर अगदी तळाशी असलेल्या 'अनब्लॉक'समोर टिचकी मारून ओके करावे. फाइल झिपमध्ये आली असेल तर ती सोडवण्याआधी झिपलाच अनब्लॉक करावे, नाहीतर आतल्या प्रत्येक फाइलीला ती खूण चिकटू शकते. नंतर पिवळी पट्टी आली तर 'एनेबल कंटेंट' म्हणावे. एवढ्याने फक्त त्या एका फाइलीला परवानगी मिळते आणि बाकीचा पहारा जागच्या जागी राहतो. ज्यांनी माझ्यासारखाच फोल्डर नोंदवून ठेवला असेल, त्यांनी ट्रस्ट सेंटरमधील 'ट्रस्टेड लोकेशन्स'च्या यादीतून तो आजच काढावा.

फोनवर सल्ला देणाऱ्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या हाती तेवढाच कागद दिलेला असणार. प्रश्न फाइल देणाऱ्या कार्यालयांचा आहे. शाळांचे लिपिक, ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक, छोटे कर सल्लागार असे कितीतरी लोक अशा फाइली दरवर्षी भरतात, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी कोणीही सांगेल ते बटण दाबतात. नागरिकांनी अनोळखी फाइल उघडू नये, असे जनजागृतीच्या फलकांवर लिहायचे आणि स्वतःची फाइल चालावी म्हणून संरक्षण बंद करायला सांगायचे, हे मला अत्यंत गंभीर वाटते.

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा आहे आणि डिजिटल स्वाक्षरीची व्यवस्था त्याच कायद्याने उभी राहिली. आम्हाला विवरणपत्रावर स्वाक्षरी सक्तीची असेल, तर कार्यालयानेही आपल्या फाइलीतल्या मॅक्रोवर स्वाक्षरी करावी, म्हणजे ती कोणाची आहे आणि वाटेत कोणी बदलली आहे का, हे तपासता येईल. सोबत वरील कृती चित्रांसह मराठीत एका पानावर छापून डाउनलोडच्या दुव्याशेजारीच ठेवावी आणि 'अँटिव्हायरस बंद करा' हे वाक्य मदत कक्षाच्या सूचनांतून काढून टाकावे. पुढच्या मार्चपूर्वी हे व्हावे, अशी संबंधितांना आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक हिशेबनीस, जि. सातारा