अश्वगंधेची ती बाटली

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "हल्ली छातीत धडधडतं, झोप लागत नाही. वयच झालं आता." फोन ठेवला आणि धस्स झालं. झोपेसाठी म्हणून अश्वगंधेची बाटली मीच पाठवली होती. आईच्या थायरॉइडच्या गोळीचा तेव्हा विचारच केला नाही. त्याची फार रुखरुख लागली आहे.

आई, तुझी सकाळची गोळी म्हणजे थायरॉक्सिन हे हार्मोनच. तुझी ग्रंथी ते पुरेसं बनवत नाही, म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं टीएसएच (ग्रंथीला हार्मोन बनवायला सांगणारा संदेश; हार्मोन कमी पडलं की हे वाढतं) बघत बघत मायक्रोग्रॅमच्या हिशेबात डोस बसवला आहे. अश्वगंधा नेमकी तिथेच ढवळाढवळ करू शकते. २०१८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. थायरॉइड किंचित कमी असलेले ५० जण होते. त्यातल्या निम्म्यांना ८ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम मुळांचा अर्क दिला. त्यांचं टीएसएच उतरलं, हार्मोन वाढलं. गोळी चालू नसलेल्याला हे बरंच वाटेल. तुझ्या गोळीवर मात्र ही भर पडली, तर हार्मोन जास्त होऊ शकतं. मग धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. या वयात ठोके अनियमित होण्याची आणि हाडं ठिसूळ होण्याचीही भीती असते. तुझा त्रास त्यामुळेच आहे का, ते रक्त तपासूनच कळेल.

बाबा, तुम्ही म्हणाल, झाडपाल्याने काय होतंय! ताण आणि झोपेवर तिचा थोडा उपयोग दिसलाही आहे, पण बहुतेक चाचण्या दोन-तीन महिन्यांच्याच. काही जणांना ती घेताना कावीळ झाली, यकृताला इजा झाली. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. तुमच्या बीपीच्या गोळीबरोबर रक्तदाब जास्त उतरू शकतो, म्हणून तुम्हीही त्यातली घेऊ नका.

आई, बाटली आजपासून बंद. थायरॉइडची गोळी मात्र मनाने कमी-जास्त करू नकोस. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, बाटली सोबत ने, आणि ती किती दिवस घेतलीस ते सांग. ते रागावतील म्हणून लपवू नकोस. टीएसएच स्थिरावायला सहाएक आठवडे लागतात, तेव्हा तपासणी पुन्हाही करावी लागेल. छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली, तर फोनची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

शुक्रवारी रात्री फोन करते. बाबा, बाटलीमागचं लेबल तेवढं वाचून दाखवा.

तुमची,
लेक