उद्यान ओस का, ते वेळापत्रकात बघा

वैनगंगेकाठच्या उद्यानाकडे लोक फिरकत नाहीत, ही तुमच्या पेपरातली बातमी वाचली, आणि त्यात 'लोकांनाच आवड नाही' असं जे म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. आवड भरपूर आहे, पण गेटवरच्या पाटीवर वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५ अशी आहे. आता मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, अशा उन्हात तीन-चार वर्षांची लेकरं घेऊन कोण येणार, आणि आलं तरी ती लोखंडी घसरगुंडी तापून इतकी लाल की लेकरू बसलं की रडतच उठतं. ऊन जरा उतरतं तेव्हा चौकीदार शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढतो, त्याचीही ड्युटीच आहे म्हणा. या दिवसांत सूर्य मावळतो पावणेसातच्या सुमारास, म्हणजे घरच्यांनी डबा घेऊन यायची जी खरी वेळ, तेव्हाच कुलूप!

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची ३३ दारं आहेत, ती उघडली की खालच्या गावांत नदी चढते, तेव्हा काठावरचं गेट लवकर बंद केलंच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण तोच नियम उन्हाळ्यात कशाला? एप्रिल-मे पुरती सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ अशी वेळ करा, पायऱ्यांजवळ दोन लाइट आणि एक माणूस ठेवा, आणि मग परत बातमी करा.

– एक पालक, ता. पवनी, जि. भंडारा