स्वानेतीहून आजीला

आजी,
सा.न. हे पत्र आई तुला वाचून दाखवेल, तिला सांग भरभर वाचू नको. सध्या कॉलेजला सुट्टी आहे म्हणून आम्ही मैत्रिणी तिबिलिसीहून स्वानेतीला आलोय, जॉर्जियातच आहे पण काकेशसच्या पार आत, मेस्तिया गावाहून इंगुरी नदीच्या कडेकडेने हाडं खिळखिळी करणाऱ्या रस्त्याने वर गेलं की उश्गुली गाव लागतं, साधारण 2100 मीटरवर. समोर श्खारा शिखर, 5000 मीटरच्याही वर, ऐन ऑगस्टमध्ये पांढरंशुभ्र.

इथे जुन्या घरांना लागून उंच दगडी बुरूज आहेत, शत्रू आला नाहीतर दोन घराण्यांत खुनाचं वैर पेटलं की माणसं त्यात जाऊन बसायची. 1996 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, सगळे फोटो त्या बुरुजांचेच काढतात. मला मात्र आतलं घरच जास्त आवडलं. माचुबी म्हणतात त्याला. एकच मोठी खोली, मधोमध चूल, भिंतीच्या कडेने नक्षीकाम केलेले लाकडी कप्पे, त्यात गुरं बांधायची आणि माणसं झोपायची त्यांच्या वरच्या फळ्यांवर! थंडी भयंकर ना, मग गुरांची ऊब वरच्यांना मिळायची. वरच्या मजल्यावर वाळलेलं गवत, म्हणून ठिणगी उडू नये यासाठी चुलीच्या वर लाकूड-दगडाचं जड झाकण टांगलेलं. तू सांगायचीस ना सोप्यात बैल बांधायचे म्हणून, तसंच, फक्त इथे बैल खाली आणि आजोबा वर 😄

आता तसं कुणी राहत नाही, आमची घरमालकीण पाहुण्यांना खोल्या भाड्याने देते, वायफायपण आहे. तरी गुरं सुटलेली नाहीत. उन्हाळाभर लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापायचं, वाळवायचं, बर्फ पडायच्या आत घरी आणायचं, आणि ते आणायला बिनचाकाची लाकडी घसरगाडी, बैल ती गवतावरून ओढतात कारण एवढ्या उतारावर चाकं कुठली टिकायला. टुरिस्टचा पैसा काय, चार महिन्यांचा, बाकी वर्ष दूध आणि चीजवरच, असं तीच म्हणाली आणि मला पटलं.

इथलं मीठ घेतलंय तुझ्यासाठी, त्यात लसूण, धने, मिरची, एक वेगळीच मेथी आणि चक्क झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या असतात. बटाट्यावर टाकून खा, पण बीपी आहे तुला, चिमूटभरच. आईला म्हणावं फीची पावती मेल केलीय, बघून घे.

तुझी,
पिंकी