चाळ गावासमोर उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कांद्याच्या भावाची बातमी आपल्या अंकात ठळक असते आणि ती असायलाच हवी. मला लिहायचे आहे ते भाव मिळण्याआधीच चाळीतून, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारातून, उकिरड्यावर जाणाऱ्या कांद्याबद्दल. निफाड तालुक्यात आमची दोन एकर जमीन आहे. दरवर्षी उन्हाळ कांदा करतो, आणि चार पैसे जास्त मिळतील या आशेने सप्टेंबरपर्यंत तो धरून ठेवतो. ही आशा इथल्या घराघरात आहे.

चार वर्षांपूर्वी उसनवारी करून आम्ही चाळ बांधली. एप्रिलमध्ये १८० क्विंटल कांदा भरला. ऑगस्टच्या शेवटी चाळीजवळून जाताना वास यायला लागला. ज्यांनी तो वास घेतला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. बांबूच्या फटीतून हात घातला तर बोटे सरळ कांद्यात रुतली. वरून टरफल कोरडे, चकचकीत, आणि आत नुसता लगदा. एक कांदा नासला की त्याचे पाणी खालच्या दहांवर गळते. सासूबाई, जाऊबाई आणि मी, तिघी तोंडाला पदर बांधून सहा दिवस निवडत बसलो. ११० क्विंटल निघाला, त्यातही काजळी (काळी बुरशी) धरलेला कांदा आणि गोल्टी, म्हणजे अगदी बारीक कांदा, वेगळी काढावी लागली. बाकीचा ट्रॉली भरभरून बांधावर नेऊन टाकला. ज्या कांद्याला रात्रीच्या लाइटीवर उठून पाणी दिले, तो असा टाकताना माणूस बोलेनासा होतो.

घरात सगळ्यांनी आधी पावसाला दोष दिला, मग बियाण्याला. चाळ तर व्यवस्थित होती. जमिनीपासून दोन फूट उंच, खालून वारा खेळणारी, चार फुटांपेक्षा रुंद नाही. चूक एप्रिलमध्ये झाली होती, हे कळायला आम्हाला आणखी एक वर्ष गेले.

एप्रिलमध्ये जमीन दगडासारखी होते. कांदा उपटताना पात तुटते, मजूर बायका कुरकुर करतात, म्हणून काढणीच्या तोंडावर एक हलके पाणी दिले जाते. खरे तर काढणीआधी पंधरा दिवस तरी पाणी बंद हवे. शिवाय कांदा फुगावा म्हणून उशिरापर्यंत युरिया टाकलेला असतो, त्याने कांद्याची मान, म्हणजे पात जिथे कांद्याला जुळते ती जागा, जाड राहते आणि सुकत नाही. काढणी उक्ती, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून दिलेली, मजुरांच्या टोळीला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात जायचे असते. त्यामुळे सकाळी उपटलेला कांदा दुपारी कापून संध्याकाळी चाळीत. मान ओली असतानाच कापली की ती उघड्या जखमेसारखी राहते आणि तिथूनच बुरशी आत शिरते. मग चाळ कितीही हवेशीर असो, रोग आपणच आत भरलेला असतो.

आता आम्ही उपटलेला कांदा तीन-चार दिवस वावरातच ठेवतो. एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकले जातील असा तो पसरतो, म्हणजे ऊन थेट लागत नाही. पात वाळल्यावर बोटाच्या पेराएवढी मान ठेवून कापतो आणि दहा-बारा दिवस सावलीत वाळवतो. जोड कांदा, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला कांदा) आणि खरचटलेला तेव्हाच बाजूला काढून लगेच विकतो. सड पूर्ण थांबलेली नाही, पण निवडायला आता सहा दिवस लागत नाहीत. हे सगळ्यांना जमत नाही, हेही मान्य आहे. दहा-बारा दिवस कांदा ठेवायला सावली लागते आणि लहान शेतकऱ्याकडे शेड नसते. २०२५ च्या मे महिन्यात वळवाने असे झोडपले की वाळवायला ठेवलेला कांदा कित्येकांचा वावरातच भिजला. त्या धास्तीनेच माणूस घाई करतो. त्याला अडाणी म्हणून कसे चालेल?

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेला विकिरण प्रकल्प आहे. विकिरणाने, म्हणजे किरणांचा मारा केल्याने, कांद्याला मोड येणे थांबते. सड मात्र थांबत नाही, त्याला नीट वाळलेला कांदाच लागतो.

हे दुखणे फक्त नाशिकचे नाही. काढणीनंतर किरकोळ दुकानात पोचण्याआधी जगातले सुमारे १४ टक्के अन्न वाया जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ च्या अहवालात म्हटले आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या लहान शेतकऱ्यांच्या चवळीला भुंगा लागून साठा पोखरला जायचा. तिथे तीन थरांची पिशवी आली. आत प्लास्टिकचे दोन अस्तर, बाहेर विणलेली गोणी. तोंड घट्ट बांधले की आतला प्राणवायू संपतो आणि किडा मरतो, औषध लागत नाही. पिशवी स्वस्त होती, पण ती लोकांनी स्वीकारली कशी, ते मला जास्त मोलाचे वाटते. गावात सगळ्यांसमोर पिशवी भरायची, चार-सहा महिने ठेवायची आणि पुन्हा सगळ्यांसमोर उघडायची. आत चांगली चवळी पाहिल्यावर भाषणाची गरज उरत नसे.

आपल्याकडे तसे का होऊ नये? आमच्या गावात साठवणुकीचे प्रशिक्षण झाले होते. सभागृहात खुर्च्यांवर सगळे पुरुष बसले होते. कांदा कापणारी आणि निवडणारी एकही बाई तिथे नव्हती, कारण त्या वेळी बायका वावरात कांदाच कापत होत्या. मान किती ठेवायची हे ज्यांच्या विळ्यावर ठरते, त्यांना कोणी सांगितलेच नाही. टोळीची उक्ती ठरवताना वाळवून कापण्याची अट आणि त्याचे जादा पैसे धरले, तर त्या आनंदाने थांबतील. हे मी त्यांच्याशी बोलून लिहिते आहे.

दुसरे अनुदानाचे. चाळ आधी पदरच्या पैशाने उभी करायची आणि अनुदान मागाहून, ही पद्धत ज्याच्या गाठीला पैसा आहे त्यालाच झेपते. पाच टनांची चाळ हवी असलेला शेतकरी सावकाराकडे जातो, नाहीतर पडेल भावाने एप्रिलमध्येच विकून मोकळा होतो. निम्मी रक्कम तरी बांधकाम सुरू होताना मिळावी, आणि वाळवणीच्या शेडनेटलाही त्यात जागा असावी.

कृषी खात्याला माझी विनंती आहे की, येत्या हंगामात प्रत्येक कांदा गावात एका चाळीचे दोन कप्पे करावेत. एकात घाईचा कांदा भरावा, दुसऱ्यात वाळवलेला, दोन्ही वजन करून. सप्टेंबरमध्ये बायकांना दिवसाची मजुरी देऊन बोलवावे, सगळ्यांसमोर कप्पे उघडावेत आणि पुन्हा वजन करावे. आमच्या चाळीतले दोन कप्पे त्यासाठी द्यायला आम्ही तयार आहोत. काढणी मार्चअखेर सुरू होते, तेव्हा त्याआधी कोणीतरी यावे.

आपली,
एक कांदा उत्पादक शेतकरी महिला
ता. निफाड, जि. नाशिक