मंत्रीसाहेब, मुंढेगावच्या चित्रनगरीत वाजवणाऱ्यांसाठी एक हॉल ठेवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

साहेब, मी नाशिकरोडला राहतो, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, लग्नसराईत आणि गणपतीत कार्यक्रम असतात आणि बाकी वर्षभर मुलांच्या शिकवण्या. पत्र लिहायचं कारण म्हणजे लालो शिफ्रिन. नाव ओळखीचं नसलं तरी 'मिशन इम्पॉसिबल'ची ट्यून तुम्ही शंभर टक्के ऐकलीय, लोकांच्या मोबाईलच्या रिंगटोनला असायची ती, ती ह्या माणसाची. 26 जून 2025 ला ते गेले, 93 वर्षांचे होते, आणि आपल्याकडे दोन ओळींच्या बातमीपलीकडे फारसं कुणी काही बोललं नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटलं.

जन्म अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सचा, 1932 चा. वडील तिथल्या तेआत्रो कोलोन ह्या ऑपेरागृहाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक, म्हणजे घरात शास्त्रीय संगीत पहिल्यापासून. पुढे पॅरिसला जाऊन ओलिव्हिए मेसियांसारख्या गुरूकडे शिकले आणि रात्री तिथल्याच क्लबांमध्ये जॅझ पियानो वाजवायचे. मायदेशी परतल्यावर ट्रम्पेटचे बादशहा डिझी गिलेस्पी यांनी त्यांचा बँड ऐकला, मग अमेरिका, मग गिलेस्पींच्याच ग्रुपमध्ये पियानो, आणि तिथून सिनेमा. आता ह्यात मला काय महत्त्वाचं वाटतं सांगू का, ह्या माणसाने यातलं काहीच सोडलं नाही, सिम्फनीही ठेवली, जॅझही ठेवला आणि सत्तरच्या दशकात फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं अमेरिकन संगीत, आलं तेव्हा बास गिटार, वाह-वाह पेडल, ड्रम्सचा तो ठसकेबाज ठेका पण मनापासून उचलला. 1971 चा 'डर्टी हॅरी' आणि 1973 चा 'एंटर द ड्रॅगन' ऐकून बघा, ब्रूस लीची फाईट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे पण त्या फाईटच्या खाली काय वाजतंय तिकडे कान देऊन ऐका एकदा.

आणि कुठे गप्प बसायचं हेही त्यांना कळायचं. 1968 च्या 'बुलिट'मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर गाड्यांचा जो प्रसिद्ध पाठलाग आहे, त्यात दोन्ही गाड्या एकमेकांना हेरतायत तोपर्यंत म्युझिक हळूहळू तापत जातं आणि खरा पाठलाग सुरू झाला की एकदम बंद, पुढे फक्त इंजिन आणि टायर. एवढी ताकद हातात असताना थांबणारा संगीतकार मी तरी फार कमी ऐकलाय.

'मिशन इम्पॉसिबल'ची मूळ ट्यून 1966 ची, टीव्ही मालिकेची, आणि ती पाचाच्या ठेक्यात आहे. टेबलावर बोटांनी वाजवून बघा, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन, ह्या झाल्या दहा मात्रा, पाचातला प्रत्येक ठोका अर्धा करून मोजला की दहा. आपल्या झपतालाच्याही दहाच, फक्त तिथे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे पडतात. 1996 ला सिनेमा आला तेव्हा यू-टू ह्या रॉक बँडमधल्या दोघांनी ही ट्यून चाराच्या ठेक्यात बसवली, क्लबात लोकांना नाचायला सोपी म्हणून, ते व्हर्जनही गाजलं, पण मला विचाराल तर सगळी मजा त्या पाचातच आहे, पाऊल कुठे पडणार ते कळतच नाही.

आमच्या इकडे एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे काका आहेत, नोटेशन वाचता येत नाही, सगळं कानावर. त्यांना मी ही ट्यून मोबाईलवर ऐकवली, सूर त्यांनी लगेच उचलले पण मागचा साईड ड्रमवाला पोरगा चारातच वाजवत राहिला, त्याला सम काही सापडेना. मग तबला शिकलेला एक जण त्याच्या समोर मांडी घालून बसला आणि टाळीने दहा मात्रा देत राहिला, पोरगा त्याच्या हाताकडे बघत वाजवतोय, काका डोळे मिटून, आणि एका क्षणी सगळे एकदम समेवर आले. बँडच्या गोडाऊनमध्ये, वर पत्रे, बाहेर रिक्षांचे हॉर्न. साहेब, ती माणसं शिफ्रिनच्या ऑर्केस्ट्रात बसली असती असं मी म्हणत नाही, पण तशा खोलीत बसायचा चान्स तरी त्यांना कुठे मिळतो?

मागणी हीच आहे. इगतपुरी तालुक्यात मुंढेगावला चित्रनगरी व्हायची असं आम्ही ऐकत आलोय, दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात ती व्हायलाच पाहिजे. पण चित्रनगरी म्हटलं की शूटिंगचे फ्लोअर, खोटं पोलीस स्टेशन, खोटं कोर्ट, हेच डोळ्यासमोर येतं. त्यात एक मोठा रेकॉर्डिंग हॉल घ्या. उंच छत, लाकडी फ्लोअर, चाळीस-पन्नास वादक बसतील एवढी जागा, समोर पडदा, पडद्यावर सीन चालू आणि त्याकडे बघत कंडक्टर वाजवून घेतोय, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. शिफ्रिनचं सिनेमातलं काम असंच उभं राहिलं, एका खोलीत बसलेल्या जिवंत माणसांकडून. हायवे जवळ आहे त्यामुळे साऊंडप्रूफिंगला पैसा लागेल, तिथे मात्र काटकसर करू नका.

आपल्याकडे हे नवीन नाहीये. सी. रामचंद्र पुणतांब्याचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले, आणि 1951 च्या 'अलबेला'त त्यांच्या जोडीला ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते, ते तर पडद्यावर पण दिसतात. पंचमदा ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये भरल्या ऑर्केस्ट्राने रेकॉर्डिंग करायचे. आता बरंचसं काम एका लॅपटॉपवर होतं, मी स्वतःही तसं करतो, पोटासाठी करावं लागतं, पण सॅम्पलमधल्या, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या, ट्रम्पेटला दम लागत नाही आणि तो दम ऐकू आल्याशिवाय जॅझ होत नाही, फंक तर नाहीच नाही.

शिफ्रिनना सहा वेळा ऑस्करचं नामांकन मिळालं आणि एकदाही बक्षीस नाही, शेवटी 2018 ला मानद ऑस्कर दिला, तोही क्लिंट ईस्टवूडच्या हातून, तेव्हा ते 86 वर्षांचे होते. मुंबईत अजून असे म्हातारे वादक आणि अरेंजर आहेत ज्यांनी सत्तरच्या दशकातली गाणी वाजवलीत आणि ज्यांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर कधी आली नाहीत, त्यांना हॉल झाल्यावर शिकवायला बोलवा, मानधन द्या. तोपर्यंत पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारकात 'बुलिट' मोठ्या पडद्यावर दाखवायची परवानगी आणि बरी साऊंड सिस्टीम मिळाली तरी सुरुवात होईल, सिनेमानंतर वाजवायला आम्ही आहोत, ट्रम्पेटवाले काका तर आत्तापासूनच विचारतायत कधी म्हणून.

आराखड्याची बैठक लागली की नाशिकच्या वादकांपैकी कुणालातरी बोलवा एवढी विनंती. कळावे.

आपला,
नाशिकरोडचा एक कीबोर्डवाला